मुक्या सोमवारची चिठ्ठी

लोक म्हणतात, बाबा, तुमच्यावर देवाची कृपा झाली, लिहून ठेवा, वाचणाऱ्याला आधार होईल. लिहितो. पण आधीच सांगतो, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, आष्टीजवळच्या खेड्यात जन्म गेला, मला गोड लिहिता येत न्हाई. अन् मी काही मोठा भक्तही न्हाई. बायको गेली त्या दिवसापासून वर्षभर माझा देवाशी अबोला होता. देवघरासमोरून जाताना मी मान वळवून जायचो. सून दिवा लावायची, मी पाठ करून बसायचो. एवढा राग कशाचा, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई, म्हणून पहिल्यांदा तिचंच सांगतो.

श्रावणातला मुका सोमवार आमच्याकडं बऱ्याच घरी धरतात. पहाटे अंघोळ करून महादेवाला पाणी घालायचं, अन् तिथून दिवस मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा न्हाई. सांगायचं ते हातवारे करून सांगायचं. दिवस मावळला की दिवा लावून देवाचं नाव घ्यायचं, मंग घास तोंडात घालायचा. नातू आजारी पडला होता तेव्हा हिनं पाच श्रावण असे सोमवार धरीन म्हणून महादेवाला नवस बोलला होता. चार श्रावण बराबर पार पडले. तिचं माहेर जांब समर्थकडचं, म्हणून दर श्रावणात शेवटच्या सोमवारी ती जांबला जाऊन रामाच्या देवळात माथा टेकून यायची. बडबडी बाई होती. गावात म्हणायचे, हिचं मौन म्हणजे हिच्यापेक्षा नवऱ्याचाच उपास जास्त. मीही हसायचो.

पाचव्या श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळी नऊच्या सुमाराला तिनं मला चहा आणून दिला अन् देता देता कपबशी तिच्या हातातून सुटली. चहा माझ्या धोतरावर. मी ओरडलो, लक्ष कुठं राहतं तुझं. तिनं डाव्या हातानं काहीतरी दाखवलं. मला वाटलं, गोठ्याकडं दाखवून राह्यली, म्हणून मी गोठ्यात जाऊन आलो. तिथं काहीच नव्हतं. परत आलो तर ही भिंतीला टेकून बसलेली, उजव्या खांद्यावरचा पदर गळालेला, तोंड एका बाजूला वाकडं. मला वाटलं मी ओरडलो म्हणून रुसून वेडावून दाखवती. मी म्हणालो, "कर, कर वाकडं तोंड," अन् पान खात ओट्यावर जाऊन बसलो. हे शब्द मी बोललोय. दुसऱ्या कोणी न्हाई.

दुपारी शेजारची एक बाई आली. हिला दोन गोष्टी विचारल्या, ही नुसती बघत राह्यली. तर त्या बाईनं काय करावं? पाया पडली तिच्या. बाहेर येऊन मला म्हणती, "काका, मौन असावं तर काकूसारखं. हूं सुद्धा करत न्हाईत." अन् मी आपला मनातून फुगलो. सून नातवाला घेऊन माहेरी गेल्ती, पोरगा जालन्याला कामावर. घरात दोघंच आम्ही. दिवसभर ती त्याच भिंतीशी बसली, अन् मी तिला पुण्यवान समजत राह्यलो.

दिवस मावळला तेव्हा मी दिवा लावला, म्हणालो, चल, सोड आता. तिनं तोंड उघडलं अन् नुसता घोगरा आवाज आला. पाणी पाजलं तर ते ठसक्यानं नाकातोंडातून बाहेर. तेव्हा कुठं मी गल्लीत हाक दिली. मंग जमली अक्कल सगळ्या गावाची. एक म्हणे अंगावरून वारं गेलं, मोहरीच्या तेलानं चोळा. एक म्हणे कांदा हुंगवा. एकानं पारव्याचं रक्त लावलं की लकवा उतरतो म्हणून पारवा धरायला माणूस पाठवला. दवाखान्याचं नाव घेणारा एक न्हाई, अन् मीही घेतलं न्हाई. पारवा सापडला न्हाई म्हणून गाडी केली. पारवा सापडला असता तर आणखी उशीर केला असता.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं पहिली गोष्ट विचारली, ह्या बऱ्या कधी होत्या? शेवटचं नीट बोलताना, चालताना कधी पाहिलं? मी म्हणालो, सांजंला झालं. मंग मला कपबशी आठवली. मी म्हणालो, सकाळी नऊ. डॉक्टर भला माणूस, चिडला न्हाई. त्यानं समजावलं की मेंदूकडं जाणाऱ्या रक्ताच्या नळीत गुठळी अडकती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, अन् त्याआधी डोक्याचा फोटो काढून बघावं लागतं. पाटात गाळ अडकला की पुढचं वावर वाळतं, तसं असतं म्हणे ते. वाळलं की मंग कितीही पाणी सोडा. त्यानं हेही सांगितलं की तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात नाहीतर पाय लुळा पडणं, बोलता न येणं, न्हाईतर चालता चालता एकदम झोक जाणं, दिसायचं बंद होणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं न्हाई. हे मी सारं ऐकलं. हे सारं सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढं होतं. अकरा दिवस ती तिथं होती. एक शब्द बोलली न्हाई. डाव्या हातानं माझं बोट धरून ठेवायची. बाराव्या दिवशी सकाळी तो हातही सुटला.

तेव्हापासून माझा अबोला. मी देवाला म्हणालो, तुझ्या नावानं ती गप्प बसली, अन् तूही गप्पच बसलास. तुला तर दिसत होतं ना? मला आडाण्याला न्हाई दिसलं, पण तुला तीन डोळे आहेत म्हणतात.

पुढचा श्रावण आला. तो अर्धवट राहिलेला धरून तिच्या नवसाचे तीन सोमवार राहिले होते. सून म्हणाली, देवाला सगळं कळतं, राहू द्या. पण त्या बाईनं जन्मात कधी पातेलं अर्धं घासून ठेवलं न्हाई, अन् तिचा नवस अर्धा ठेवायचा? मी म्हणालो, मी धरतो मुके सोमवार. देवासाठी न्हाई, तिच्यासाठी. रागारागात धरले. दोन झाले. तिसऱ्याला, म्हणजे शेवटच्या सोमवारी, तिच्या रिवाजाप्रमाणं जांबला निघालो. नवस पुरा झाला की एका सवाष्णीला हिरव्या बांगड्या भरायच्या, तेही तिनं मागंच सांगून ठेवलं होतं. तिच्या डब्यात एक हिरवी बांगडी उरली होती, ती मापाला म्हणून खिशात घातली. एसटीत बोलायची अडचण नको म्हणून सुनेनं चिठ्ठी लिहून दिली: मौन आहे. जांब समर्थ. एक. कंडक्टरनं ती दोनदा वाचली अन् म्हणाला, "आजोबा, सगळे पॅसेंजर असे असते तर माझी नोकरी सुखाची झाली असती."

दर्शन झालं. डोळे मिटले न्हाईत मी, नुसता उभा राह्यलो. बाहेर आलो तर देवळाच्या वाटेवर जाजम टाकून एक बांगड्यावाली बसली होती. मुसलमान बाई, पन्नाशीची असंल, तोंडात सुपारी. मी तिच्यापुढं बसलो अन् मापाची बांगडी काढून दिली. द्यायला गेलो अन् ती हातातून निसटली, दगडावर पडून तिचे तुकडे झाले. ती बाई म्हणाली, "जाऊ द्या बाबा, माप कळलं मला." तिनं डझनभर हिरव्या बांगड्या पुढं केल्या. मी हात घातला तर हात बांगड्यांवर न पडता बाजूला जाजमावर पडला. पुन्हा घातला, पुन्हा तिथंच. मला वाटलं, उन्हाचं झालं असंल, सकाळपासून पोटात काही न्हाई.

ती बाई चघळायची थांबली. माझ्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली. मला राग आला.

"बाबा, लाळ गळून राह्यली तुमची. जरा बोला बरं."

मी डाव्या हातानं तोंड पुसलं अन् खिशातली चिठ्ठी तिच्यापुढं फेकली. शेजारी फुलवाला बसला होता, त्यानं वाचली. म्हणाला, "भाभी, बाबांचं मौन आहे. द्या बांगड्या, जाऊ द्या त्यांना."

"मौनवाले मी दर साल बघते. त्यांची लाळ न्हाई गळत." मंग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, दोन्ही हात वर करा. देवाला जोडता तसे, डोक्याच्या वर."

पीडा टळावी म्हणून मी हात जोडले. मला अगदी नक्की वाटलं की दोन्ही हात डोक्यावर गेले अन् जुळले. फुलवाल्याचं तोंड का उतरलं ते मला कळेना. त्यानं मागून सांगितलं, तुमचा डावा हात वर होता अन् उजवा मांडीवर पडून होता. मला त्याचा पत्ताच न्हाई. ज्या माणसाला वर्षापूर्वी डॉक्टरनं समोर बसवून सगळ्या खुणा सांगितल्या, ज्यानं त्या खुणांपायी बायको घालवली, त्याला स्वतःच्या अंगावरची खूण दिसली न्हाई. आपलं वाकडं तोंड आपल्याला दिसत न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं.

"बोला," ती म्हणाली. "देव बिलकुल नाराज होत न्हाई. झालाच तर माझं नाव सांगा त्याला."

मी मान हलवली. न्हाई बोलत.

"अहो, मर्दाचा हट्ट मला नका दाखवू, माझ्या घरात एक आहे, चार साल झाले खाटेवर. त्याचंबी तोंड असंच झालं होतं. आम्ही शहाण्यांनी त्याला तेल लावलं अन् झाडून घ्यायला नेलं. तव्हा मला कोणी सांगणारा न्हाई भेटला." तिचा आवाज चढला होता, चार माणसं गोळा झाली. "बरं, ह्या बांगड्या कोणासाठी घेता? तिचं नाव तरी सांगा."

आता माझं डोकं फिरलं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोला नावानं हाक मारली न्हाई. अगं, ऐकलं का, ह्यावरच चाललं आमचं. अन् ही उपरी बाई भर रस्त्यात तिचं नाव विचारती. मौन मोडलं तर मोडलं, हिला चार शब्द सुनवायचेच म्हणून मी तोंड उघडलं. घोगरा आवाज आला. तोच आवाज. दिवा लावल्यावर तिच्या तोंडातून आला होता तोच.

पुन्हा जोर केला. शब्द डोक्यात बराबर उभे होते, ओळीनं, पण जिभेपर्यंत येईनात. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती दिवसभर गप्प नव्हती. भिंतीशी बसून ती मला हाका मारत होती. नऊ वाजल्यापासून मारत होती, अन् मी ओट्यावर पान खात बसलो होतो. हे कळलं अन् माझ्यातला सारा ताठा गेला. वर्षभर देवाशी भांडायला जो जोर लावला होता तो एका क्षणात निघून गेला. मी मनातल्या मनात एवढंच म्हणालो, आता तुझं तू बघ, माझ्या हातात काही न्हाई. अन् खरंच न्हवतं, हातसुद्धा माझ्या हातात न्हवता.

त्या बाईनं मला तिच्याच जाजमावर कुशीवर निजवलं. बांगड्या पायाखाली गेल्या तरी बघितलं न्हाई. फुलवाल्याला म्हणाली, एकशे आठला फोन लाव, अन् ह्या चिठ्ठीमागं टाइम लिही, आत्ता सव्वाअकरा. देवळातून कोणी तीर्थ घेऊन आलं, ते तिनं हातानं अडवलं. "तोंडात काही घालू नका, घशात अडकंल. कपाळाला लावा." एकजण माझा हात चोळायला बसला, त्याला उठवलं. गाडी आली तेव्हा तिनं ड्रायव्हरला तीनदा बजावलं, जिथं डोक्याचा फोटो निघतो तिथंच न्या, मधी कुठं थांबू नका. अन् चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात खुपसली. मी तिच्याकडं बघत होतो. आभार मानायचे म्हटलं तर जीभ न्हाई, हात जोडावे तर हात न्हाई. ती म्हणाली, "बघता काय असं? जा लवकर."

दवाखान्यात डॉक्टरनं चिठ्ठी काढली. पुढून वाचली तर मौन आहे, मागून वाचली तर सव्वाअकरा. फोटो निघाला, पोराला फोन गेला, वेळेच्या आत इंजेक्शन मिळालं. सगळ्यांनाच ते चालतं अन् लागू पडतं असं न्हाई म्हणे. मला चाललं अन् लागू पडलं. का, ते मी सांगू शकत न्हाई. तिला मिळालं न्हाई अन् मला मिळालं, ह्याचा हिशोब लावायला बसलो की झोप उडती, म्हणून आता लावत न्हाई.

उन्हं कलायच्या वेळेला नर्सबाई आली अन् म्हणाली, आजोबा, नाव सांगा बरं तुमचं. मी तोंड उघडलं. जीभ जड होती, पण हलली. अन् बाहेर आलं ते, "द्वारका."

"हे तर बाईचं नाव आहे, आजोबा. तुमचं सांगा."

पोरगा पायथ्याशी उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. आईचं नाव बापाच्या तोंडून त्यानं आजवर ऐकलंच न्हवतं. मी पुन्हा म्हणालो, द्वारका. अन् मंग मला रडू आवरलं न्हाई. दिवस अजून मावळायचा होता. मौन मोडलं होतं. पण मला वाटलं, ते जिथं मोडायला पाहिजे होतं तिथंच मोडलं.

आता गावाचं ऐका. मी घरी आलो तर गावभर झालेलं, बाबांना देवळात देवी भेटली, बांगड्यावालीच्या रूपात आल्ती, नंतर कोणी बघायला गेलं तर तिथं कोणीच न्हवतं. अरे, सोमवार संपला, बाई घरी गेली, न्हाई तर काय रात्रंदिवस तिथं बसंल? मी डोकं आपटून सांगतो, ती बाई आहे, हलीमाबी तिचं नाव, सुपारी खाती. तर म्हणतात, बाबांना ओळखू आली न्हाई. उलट विचारतो मी, देव सोन्याचा मुकुट घालून आला असता तर मी त्याला विचारलं असतं का? मी पाठ फिरवली असती. माझ्यासारख्या हट्ट्याला ओरडणारंच माणूस पाहिजे होतं, अन् तेच भेटलं. त्याला कृपा म्हणा. मी म्हणतो. पण त्या बाईला तिच्या जागेवरून उठवून देव्हाऱ्यात बसवू नका, तिला घरी नवऱ्याला जेवू घालायचं असतं.

दसऱ्यानंतर पोराला घेऊन जांबला गेलो. ती त्याच जागी होती. मला बघून म्हणाली, "या. आता बोलता येतं, तर भाव करू नका." मी डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या, पैसे दिले, अन् त्याच बांगड्या तिच्यापुढं ठेवल्या. म्हणालो, "बाई, सवाष्णीला भरायच्या आहेत. तुमच्याच हातात भरा."

"माझाच माल मलाच?" ती हसली. मंग हसायची थांबली. विचारलं, "त्यांचं नाव काय होतं? त्या दिवशी सांगितलं न्हाई तुम्ही."

मी नाव सांगितलं. तिनं एकेक बांगडी चढवली. त्यानंतर मी देवळात गेलो अन् वर्षाभरानं डोळे मिटून उभा राह्यलो.

यंदाच्या श्रावणात मी गावात घरोघर जाऊन पीडा दिली. मौन धरा, माझी ना न्हाई, पण घरातल्या दुसऱ्या माणसानं दिवसातून दोन-तीनदा येऊन म्हणायचं, हस, दोन्ही हात वर कर, महादेवाचं नाव घे. नाव घेतल्यानं मौन मोडत असंल तर ते पाप माझ्या खात्यावर. बायका हसतात, बोलबाबा आला म्हणतात. म्हणू द्या. एक म्हातारी म्हणाली, आम्हाला काय धाड भरली? मी म्हणालो, माझ्या बायकोलाही न्हवती भरली, नऊ वाजेपर्यंत.

स्वतःचं स्वतः बघता येत न्हाई, हे आता मी मान्य केलंय. रोज अंघोळ झाली की देवघरापुढं उभा राहतो, दोन्ही हात डोक्यावर जोडतो, पहिल्यांदा तिचं नाव घेतो, मंग महादेवाचं. सून दारात उभी असती. तिला विचारतो, दोन्ही गेले का गं वर? गेले बराबर, म्हणती. मंग चहा पितो.